देवाचा वाटा, लेकरांचा वाटा

काही वर्षांपूर्वी वाशिम जिल्ह्यातील केनवड या गावी एका घरी जाण्याचा प्रसंग आला. रिसोड तालुक्यातले हे गाव. सोयाबीनची मळणी नुकतीच आटोपली होती आणि ओसरीत पोती रचून ठेवलेली होती. घरचे वृद्ध गृहस्थ शाळेत शिपाई म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. वडिलोपार्जित पाच एकर कोरडवाहू जमीन, दोन मुलगे, एक विवाहित मुलगी. पत्नी दोन वर्षांपूर्वी देवाघरी गेलेली. प्रार्थना झाली, चहा झाला, आणि मग म्हातारबाबांनी मनातली गोष्ट काढली. पुष्कळ वर्षांपूर्वी पत्नी मोठ्या दुखण्यातून उठली, त्या वेळी त्यांनी देवाला शब्द दिला होता, की आपल्या हातून प्रार्थनाघरासाठी काहीतरी भरीव घडेल. तो शब्द तसाच राहून गेला होता. आता एक एकर जमीन प्रार्थनाघराच्या नावे लिहून द्यावी, असे त्यांच्या मनात होते.

थोरला मुलगा खाली मान घालून बसला होता. सून दाराच्या चौकटीशी येऊन थबकली. म्हातारबाबांनी त्या दोघांकडे पाहिले आणि आपल्या वऱ्हाडी बोलीत ते मला म्हणाले, "फादर, देवाचं देनं हाय माह्यावर. पन पोट्ट्याईच्या ताटातलं काढून देवाले कसं देऊ?"

खरे सांगायचे तर त्या क्षणी माझ्याजवळ उत्तर नव्हते. प्रार्थनाघराचे पत्रे गळत होते, ही गोष्ट मला ठाऊक होती. एक एकर जमीन म्हणजे काय, हेही ठाऊक होते. "घाई करू नका, प्रार्थना करा," एवढेच बोलून मी उठलो. परतीच्या वाटेवर मात्र तो प्रश्न माझा पिच्छा सोडीना. देवाचा वाटा आणि लेकरांचा वाटा यांचा मेळ कसा घालावा, हा केनवडच्या एका शेतकऱ्याचाच प्रश्न नाही. ख्रिस्तसभेला तो पहिल्या शतकापासून पडलेला आहे, राजेरजवाड्यांना आणि न्यायालयांना पडलेला आहे. आणि त्याच्या उत्तराचा एक धागा आपल्या मुंबई-पुण्यातून गेलेला आहे. त्या धाग्याचा मागोवा घेण्याचा हा प्रयत्न.

ख्रिस्त हा आणखी एक पुत्र

प्रभू येशूच्या काळी यहुदी लोकांत 'कुर्बान' नावाची एक चाल होती. एखादी वस्तू देवाला वाहिलेली आहे असे एकदा म्हटले, की तिच्यावर इतरांचा हक्क उरत नसे. काही जण या चालीचा आधार घेऊन वृद्ध आईवडिलांना पोसण्याची जबाबदारी टाळीत. संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभूने या ढोंगावर कडक प्रहार केला आहे. ज्या दानामुळे घरचे माणूस उपाशी राहते ते दान देवाला नको, हा त्याचा अर्थ. संत पौलानेही तीमथ्याला लिहिताना घरच्यांची तरतूद न करणाऱ्याला अविश्वासणाऱ्याहून वाईट ठरविले आहे.

पुढे चारशे वर्षांनी उत्तर आफ्रिकेतील हिप्पो नगरात, आजच्या अल्जेरियात, हाच प्रश्न संत ऑगस्टीनसमोर उभा राहिला. इ. स. ४२५ च्या सुमाराची ही गोष्ट आहे. संत ऑगस्टीनबरोबर राहणाऱ्या धर्मगुरूंनी खासगी मालमत्ता ठेवू नये, असा नियम होता. जानुआरिउस नावाच्या एका धर्मगुरूने मात्र काही पैसा बाजूस ठेवला होता आणि मरताना मुलगा व मुलगी यांना डावलून तो ख्रिस्तसभेच्या नावे केला. संत ऑगस्टीनने तो वारसा घेण्यास साफ नकार दिला आणि तसे लोकांसमोर प्रवचनात सांगितले. ज्याला आपला मुलगा डावलून ख्रिस्तसभेला वारस करायचे असेल, त्याने ते घेणारा दुसरा कोणी शोधावा, अशी त्याची भूमिका होती.

याच प्रवचनात कार्थेजचा बिशप ऑरेलिउस याची हकीकत येते. एका निपुत्रिक गृहस्थाने मूल होण्याची आशा सोडून आपली सर्व मालमत्ता ख्रिस्तसभेला दिली आणि हयातीपुरता उपभोग तेवढा स्वतःकडे ठेवला. पुढे त्याला मुले झाली. त्याने मागणी केलेली नसतानाही बिशपने सारे दान त्याला परत केले. कायद्याने ते परत करण्याचे बंधन नव्हते. पण विवेकाच्या न्यायासनासमोर होते, असे संत ऑगस्टीनचे मत होते.

मग द्यायचेच नाही काय? संत ऑगस्टीनने त्यावरही एक सोपा हिशेब सांगून ठेवला आहे. एक मुलगा असेल तर ख्रिस्ताला दुसरा समजा; दोन असतील तर तिसरा समजा; दहा असतील तर अकरावा समजा. म्हणजे ख्रिस्ताला वाटा आहे, पण तो भावंडांपैकी एकाचा वाटा आहे. इतरांना बाहेर घालवून सारे घर बळकावणारा तो भाऊ नव्हे. दानाच्या प्रश्नावर इतका न्याय्य आणि इतका घरगुती हिशेब दुसरा कोणी मांडला असेल, असे मला वाटत नाही.

कायद्याचा पहारा

तथापि सगळीच माणसे ऑरेलिउससारखी नसतात, आणि मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाचे मन हळवे असते. म्हणून कायद्याने मध्ये येऊन पहारा बसविला. हा पहारा दोन तऱ्हांचा आहे आणि दोन्ही आपल्या जवळचे आहेत.

पहिली तऱ्हा गोव्यातली. पोर्तुगिजांच्या अमलात गोव्यात आणि आपल्या वसईतही 'मिझेरिकॉर्डिया' नावाची धर्मदाय संस्था होती. दात्यांची दाने स्वीकारणे, अनाथ मुलींचे विवाह लावून देणे, त्याचप्रमाणे पूर्वेकडे मरण पावलेल्या माणसाची मालमत्ता पोर्तुगालमधील त्याच्या वारसांपर्यंत पोचविणे, ही तिची कामे होती. एकाच संस्थेने एका हाताने दान घ्यावे आणि दुसऱ्या हाताने वारसा पोचवावा, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. पुढे १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेने मुलांचा राखीव वाटा निश्चित केला. त्याला 'लेजितिमा' म्हणतात. आजही गोव्यात मुले असलेल्या माणसाला मृत्युपत्राने आपल्या मालमत्तेच्या अर्ध्याच हिश्श्याची मनाजोगी व्यवस्था लावता येते. उरलेला अर्धा हिस्सा मुलांचा. दान कितीही पुण्याचे असो, त्या अर्ध्याला हात लावता येत नाही.

दुसरी तऱ्हा इंग्रजांची. १७३६ साली ब्रिटिश पार्लमेंटने एक कायदा करून धर्मदाय संस्थांना मृत्युपत्राने जमीन देण्यास बंदी घातली. जमीन द्यायची तर मृत्यूपूर्वी किमान बारा महिने आधी दस्त करावा आणि तो सहा महिन्यांच्या आत नोंदवावा, अशी अट होती. मृत्युशय्येवरच्या माणसाकडून कोणी जमीन लिहून घेऊ नये, हा हेतू. या कायद्याची सावली हिंदुस्थानात १८६५ च्या वारसा कायद्यावर आणि तेथून १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याच्या ११८ व्या कलमावर पडली. ज्याला पुतण्या, पुतणी, भाचा, भाची किंवा त्याहून जवळचा नातेवाईक आहे, त्याला धार्मिक अथवा धर्मदाय कार्यासाठी मृत्युपत्राने काही द्यायचे असल्यास ते मृत्युपत्र मरणापूर्वी किमान बारा महिने केलेले असले पाहिजे आणि केल्यापासून सहा महिन्यांत कायद्याने नेमलेल्या ठिकाणी सुरक्षित ठेवण्यासाठी जमा केलेले असले पाहिजे. यांतली एक अट चुकली तरी दान निष्फळ!

हे कलम हिंदूंना लागू नव्हते, मुसलमानांना लागू नव्हते. पारशी बांधवांना १९९१ च्या दुरुस्तीने त्यातून वगळण्यात आले. व्यवहारात ते ख्रिस्ती माणसाच्या वाट्याला उरले. इंग्लंडने आपला जुना कायदा १९६० साली मोडीत काढला, तरी आपल्याकडे त्याची सावली तशीच होती. अखेर केरळमधील एक धर्मगुरू, फादर जॉन वल्लामट्टम यांनी १९९७ साली सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि २१ जुलै २००३ रोजी न्यायालयाने हे कलम समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवून रद्द केले.

हा निकाल न्याय्य होता, यात शंका नाही. परंतु त्यामुळे आपल्यावर आलेली जबाबदारी आपण पुरती ओळखली आहे काय? गोव्याबाहेरच्या ख्रिस्ती माणसाला लेजितिमाचे बंधन नाही. मृत्युपत्र न करता तो मरण पावला तर पत्नीला एक तृतीयांश आणि मुलांना, मुलगा असो वा मुलगी, उरलेल्या दोन तृतीयांशात समान वाटे मिळतात. पण मृत्युपत्र केले तर तो आपली मालमत्ता कोणालाही देऊ शकतो. २००३ पासून कायद्याचा पहारा उठला आहे. आता पहारा विवेकाचा. देणाऱ्याच्या आणि त्याहून अधिक घेणाऱ्याच्या.

पाळकांच्या विधवांचा निधी

आतापर्यंतच्या साऱ्या कथेत एक गोष्ट समान आहे. मालमत्ता एकच आणि तिची वाटणी करायची. एकाचा वाटा वाढला की दुसऱ्याचा घटला. केनवडच्या म्हातारबाबांची अडचण नेमकी हीच होती. या कोंडीतून बाहेर पडण्याची वाट अठराव्या शतकात सापडली, आणि ती धर्मसेवकांच्याच घरातून निघाली, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

स्कॉटलंडच्या प्रॉटेस्टंट चर्चचे पाळक संसारी असत. पाळक वारला की त्याचे वेतन बंद होई आणि विधवेला मुलांसह चर्चचे घर सोडावे लागे. आयुष्य देवकार्याला दिले, पण बायकोमुलांच्या वाट्याला दारिद्र्य आले, अशी ती अवस्था. रॉबर्ट वॉलेस आणि अलेक्झांडर वेब्स्टर या दोन पाळकांनी, एडिंबरा विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक कॉलिन मॅक्लॉरिन यांच्या साहाय्याने, त्यावर उपाय काढला. त्यांनी गावोगावची माहिती गोळा केली. कोणत्याही वेळी सुमारे ९३० पाळक हयात असतात; त्यांपैकी वर्षाला सरासरी २७ मरण पावतात; त्यांतील १८ जणांच्या मागे विधवा राहते. कोण मरेल हे कोणालाच सांगता येत नाही. पण किती मरतील हे सांगता येते! एवढ्या एका विचारावर १७४४ साली त्यांचा निधी उभा राहिला. प्रत्येक पाळकाने चार दरांपैकी एक दर निवडून वर्षाला वर्गणी भरावी. त्या मानाने विधवेला वर्षाला १० ते २५ पौंड मिळत. पुढे वीस वर्षांनी किती शिल्लक असेल याचा त्यांनी आधी केलेला अंदाज आणि प्रत्यक्ष शिल्लक यांत अवघ्या एका पौंडाचा फरक पडला, असे सांगतात.

त्या काळी विम्याकडे लोक संशयाने पाहत, हेही येथे सांगितले पाहिजे. माणसाच्या आयुष्याची किंमत करणे हे पाप आहे, अशी पुष्कळांची भावना होती. फ्रान्सने १६८१ च्या सागरी कायद्यात आयुष्याचा विमा निषिद्ध ठरविला होता. इंग्लंडात लोक परक्या माणसांच्या, अगदी आजारी असलेल्या नामवंतांच्याही, जिवावर पैजा लावीत आणि त्याला विमा म्हणत. ज्याच्या जगण्यात आपले खरे हित गुंतलेले आहे त्याचाच विमा उतरवता येईल, असे १७७४ च्या कायद्याने ठरविल्यावर हा जुगार थांबला. विम्याच्या मुळाशी जुगार नसून जबाबदारी असावी, हे तत्त्व त्यातून पक्के झाले.

मुंबईचे १८७४ साल

आपल्याकडे आरंभीच्या विमा कंपन्या युरोपियनांसाठी होत्या. हिंदी माणसाचा विमा उतरवलाच तर त्याच्याकडून जादा हप्ता घेतला जाई. १८७० साली मुंबईत 'बॉम्बे म्युच्युअल' ही संस्था स्थापन झाली आणि तिने हिंदी माणसाचा विमा सर्वसाधारण दराने उतरवण्यास आरंभ केला. १८७४ साली मुंबईतच 'ओरिएंटल' कंपनी निघाली. गुमास्ते, शिक्षक, कारकून अशा पगारदार माणसांच्या घरात विमापत्र शिरले ते या सुमारास.

त्याच १८७४ साली आणखी एक गोष्ट घडली, आणि आपल्या समाजाच्या दृष्टीने ती अधिक मोलाची आहे. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा त्या वर्षी झाला. त्याचे सहावे कलम असे सांगते, की विवाहित पुरुषाने स्वतःच्या आयुष्याचा विमा उतरवून तो पत्नीच्या, अथवा पत्नी व मुलांच्या हितासाठी आहे असे विमापत्रावरच नमूद केले, तर तो त्यांच्यासाठी विश्वस्त निधी ठरतो. त्यावर पतीची सत्ता चालत नाही, त्याच्या सावकारांचा हक्क पोचत नाही आणि त्याच्या मागे राहिलेल्या इस्टेटीत तो धरला जात नाही. हा कायदा आरंभी हिंदू, मुसलमान, बौद्ध, शीख आणि जैन विवाहितांना लागू नव्हता. सहाव्या कलमाचा लाभ त्यांना देशभर १९२३ च्या दुरुस्तीने मिळाला. म्हणजे ज्या कायद्याच्या परंपरेने ख्रिस्ती माणसाच्या दानावर संशयाचा पहारा बसविला, त्याच कायद्याच्या परंपरेने ख्रिस्ती विधवेच्या हाती ही ढाल जवळजवळ पन्नास वर्षे आधी दिली! आपल्यापैकी किती घरांनी ती वापरली, हा प्रश्न मात्र आपला आपल्याला विचारण्यासारखा आहे.

पुण्याचे आजीव सभासद

या विषयातले मला सर्वांत भिडलेले उदाहरण पुण्याचे आहे. १८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि त्यांचे सहकारी यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले. लवकरच आगरकर त्यांना येऊन मिळाले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. सरकारी नोकरीत शेकडो रुपये मिळवू शकणाऱ्या या पदवीधरांनी तुटपुंज्या वेतनावर आपली उमेदीची वर्षे शिक्षणाला वाहिली. ही मंडळी 'आजीव सभासद' म्हणून ओळखली जात. त्यांच्यापुढे जेज्वीट धर्मगुरूंच्या निःस्वार्थ सेवेचा आदर्श होता. पुढे वेतनवाढीवरून आणि बाहेरच्या मिळकतीवरून वाद विकोपाला गेला आणि १८९० साली टिळक बाहेर पडले. त्या वादातही टिळकांनी जेज्वीटांच्या याच तत्त्वाचा हवाला दिला होता.

परंतु जेज्वीट आणि हे आजीव सभासद यांच्यात एक मोठा भेद होता. जेज्वीट धर्मगुरू अविवाहित. आम्हा धर्मगुरूंना दारिद्र्याचे व्रत किंवा साधेपणाचे जीवन पाळणे त्या मानाने सोपे. आमच्या मागे रडणारी पत्नी नाही, शाळेची फी मागणारे मूल नाही. आगरकरांना पत्नी होती, मुले होती. अशा माणसाने आपले सारे आयुष्यच दान केले तर घराचे काय? सोसायटीने त्याचे उत्तर शोधले. प्रत्येक आजीव सभासदाच्या आयुष्याचा तीन हजार रुपयांचा विमा उतरवण्याची तिची पद्धत होती. वेतन थोडे, पण सभासद अकाली गेला तर त्याच्या कुटुंबाच्या हाती काही रक्कम पडावी, ही योजना.

ती योजना किती आवश्यक होती, हे काळाने निष्ठुरपणे दाखवून दिले. चिपळूणकर सोसायटी स्थापन होण्यापूर्वीच, १८८२ साली, वयाच्या ३१ व्या वर्षी गेले होते. संस्कृत कोशकार वामन शिवराम आपटे १८९२ साली गेले, तेव्हा तेही ऐन तारुण्यात होते. आगरकर १७ जून १८९५ रोजी गेले. त्यांचे वय अवघे ३८ होते. आपल्या अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी पुडीत बांधून ठेवले होते, ही गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे. त्या पुडीची आठवण आपण काढतो, ती आगरकरांच्या स्वाभिमानाची खूण म्हणून. आणि ते योग्यच आहे. पण त्या पुडीइतकेच मला ते विमापत्र महत्त्वाचे वाटते. पुडीने एका दिवसाची सोय केली. विम्याची योजना मागे राहणाऱ्यांचा विचार करीत होती. व्रताने जे संन्याशाला साधते, ते विमापत्राने संसारी माणसाला थोडेफार साधता आले: घराचा वाटा न मारता स्वतःला देऊन टाकणे.

आपल्या समाजातही परस्पर साहाय्याचा हा विचार धर्मगुरूंनी रुजविला. वसईत १९१८ साली मॉन्सिन्योर पी. जे. मोनिस यांनी स्थापन केलेली बॅसिन कॅथॉलिक सहकारी बँक हे त्याचे ठळक उदाहरण होय. बँक म्हणजे विमा नव्हे. पण थोड्या थोड्या बचतीतून दुबळ्या माणसाने उभे राहावे, ही प्रेरणा एकच.

आजच्या घरासाठी

स्वातंत्र्यानंतर १९ जानेवारी १९५६ रोजी सरकारने आयुर्विम्याचा कारभार हाती घेतला. अर्थमंत्री होते आपले चिंतामणराव देशमुख. २४५ विमा कंपन्या व भविष्य निर्वाह संस्था एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले आणि विमापत्र खेड्यापाड्यांपर्यंत पोचले. १९९९ च्या कायद्यानंतर खासगी कंपन्याही आल्या. साधन आता सर्वांच्या हाताशी आहे; ते वापरण्याची समज हवी.

देवाचा वाटा आणि लेकरांचा वाटा यांची सांगड विम्याने दोन प्रकारे घालता येते. एक, शेत आणि घर मुलांसाठी ठेवावे आणि विम्याची रक्कम सत्कार्याला द्यावी. दोन, जे द्यायचे ते हयातीत सत्कार्याला द्यावे आणि तेवढ्या रकमेचा विमा पत्नी-मुलांसाठी उतरवावा. पहिला मार्ग जमीनदाराला बरा, दुसरा पगारदाराला. दोहोंतही लहान हप्त्यातून मोठी रक्कम उभी राहते, आणि वाटणीची ती जुनी कोंडी सैल होते.

मात्र काही गोष्टी नीट ध्यानात घ्याव्यात. नॉमिनी म्हणजे मालक, अशी आपल्याकडे सर्रास समजूत आहे. सर्वोच्च न्यायालयाने ६ डिसेंबर १९८३ च्या निकालात स्पष्ट केले, की नॉमिनी हा रक्कम स्वीकारणारा असतो. त्या रकमेवर हक्क वारसांचा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, पती किंवा पत्नी आणि मुले यांना नॉमिनी केल्यास ती रक्कम लाभार्थी म्हणून त्यांचीच होते. संस्थेला द्यायचे असेल तर नॉमिनीच्या रकान्यावर विसंबू नये. पॉलिसी तिच्या नावे रीतसर करून द्यावी. विमा कचेरीत याला 'असाइनमेंट' म्हणतात. तशी नोंद पॉलिसीवर किंवा वेगळ्या दस्ताने साक्षीदारासमक्ष करून ती कचेरीत कळवावी लागते. एकदा ती बिनशर्त करून दिली की परत मागता येत नाही, म्हणून घरच्यांशी आधी बोलावे. पत्नी-मुलांसाठी १८७४ च्या कायद्याखाली पॉलिसी घ्यायची तर ते घेतानाच अर्जात नमूद करावे; ती पॉलिसी मग पतीला अन्यत्र फिरवता येत नाही. कर्ज काढून शेती करणाऱ्याने हे विशेष ध्यानात ठेवावे. अर्जात आजार लपवू नये. आणि जेवढा हप्ता अडचणीच्या वर्षीही भरता येईल, तेवढाच विमा घ्यावा. हप्ता थकून पॉलिसी बंद पडली तर देवाचाही वाटा जातो आणि लेकरांचाही.

आम्हा धर्मगुरूंनाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. दान घेताना दात्याच्या स्वयंपाकघराकडे एकदा पाहावे. ऑरेलिउसने दान परत केले, ते त्याच्या हिशेबवहीत तोटा म्हणून लिहिले गेले असेल. इतिहासात मात्र ते जमेच्या बाजूस आहे.

पुन्हा केनवड

काही महिन्यांनी मी पुन्हा केनवडला गेलो. या वेळी म्हातारबाबांना मी संत ऑगस्टीनचा हिशेब सांगितला आणि विचारले, "मुले किती?" ते म्हणाले, "दोन पोट्टे." मग थांबून म्हणाले, "अन् पोरगी." एक एकर देण्याच्या साऱ्या विचारात त्या मुलीला कोणी विचारलेच नव्हते. कायद्याने तिचा वाटा भावांएवढाच होता, हे त्या घरात कोणाच्या ध्यानीही आले नव्हते. तिला निरोप गेला. ती सासरहून आली.

म्हातारबाबांनी कपाटातून पत्र्याची पेटी काढली. सातबाऱ्याचे उतारे, पत्नीचा मृत्यूचा दाखला, आणि तळाशी पिवळी पडलेली एक पॉलिसी. नोकरीत असताना कोणा ओळखीच्या प्रतिनिधीच्या आग्रहाखातर घेतलेला तो आजीवन विमा. हप्ते पूर्ण भरलेले. रक्कम फार मोठी नव्हती. नॉमिनी म्हणून नाव होते दिवंगत पत्नीचे. ते बदलायला हवे, हे कोणाला सुचले नव्हते. ते तसेच राहिले असते तर मुलांना त्या रकमेसाठी किती हेलपाटे घालावे लागले असते!

बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग मुलगीच म्हणाली, "बाबा, वावर राहू द्या. आईच्या नावाचं हे हाय, ते आईसाठी देवाले द्या." दोघे भाऊ हो म्हणाले. मी त्यांना आठ दिवस विचार करायला सांगितले. घाईचे दान मला घ्यायचे नव्हते. आठ दिवसांनंतरही तिघांचे मत तेच होते. पॉलिसी प्रार्थनाघराच्या विश्वस्त संस्थेच्या नावे करून दिली गेली. पाच एकर जमीन जिथल्या तिथे राहिली. थोरल्या मुलाने त्याच सुमारास आपल्या बायकोमुलांसाठी एक विमा उतरवला आणि अर्जात ते कलम आठवणीने लिहायला लावले.

म्हातारबाबा अजून आहेत. काठी टेकीत रविवारी प्रार्थनेला येतात, पहिल्या बाकावर बसतात आणि पावसाळ्यात डोक्यावर थेंब पडला की वर पाहून हसतात. ते गेल्यावर छपराला पैसे मिळतील, हे त्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही. देवाने ते छप्पर आणखी पुष्कळ पावसाळे गळू द्यावे, एवढीच माझी प्रार्थना आहे.